दुर्गीच्या धुराचं प्रकरण

१

खुनाची कबुली मला पहिल्याच मिनिटाला मिळाली, आणि कबुली देणाऱ्याकडे बघूनच मी ठरवून टाकलं की हा माणूस खोटं बोलतोय. मुद्दाम नव्हे. तो स्वतःच फसला होता.

तीस वर्षं मी एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासले. गाडी आपोआप नाल्यात गेली, गाडी आपोआप पेटली, असं शपथेवर सांगणारे मी इतके बघितलेत की घरी नवऱ्यानं ‘लाडवांचा डबा आपोआप संपला’ म्हटलं तरी मी दोन प्रश्न जास्त विचारते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ही खोड काही गेलेली नाही.

तर, मयत म्हणजे दुर्गी. माझ्या सासऱ्यांची मोटरसायकल. बावन्न सालची, विलायती, एका सिलिंडरची, काळीभोर. सासरे मुलुंडमध्ये डॉक्टर होते आणि दुर्गीवर बसून व्हिजिटला जायचे. त्यांच्यानंतर ती माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे नंदकुमारकडे आली. नंदकुमारचं आणि तिचं प्रेम माझ्या लग्नाआधीपासूनचं असल्यामुळे मी त्यात कधी पडले नाही.

यंदा दुर्गीचं पूर्ण इंजिन उघडायचं ठरलं. काम अर्थातच जयवंतरावांकडे. घाटकोपरला भटवाडीत त्यांचं गॅरेज आहे; पुढे शटर, मागे दोन खोल्या, तिथे ते आणि त्यांची बायको मालनताई राहतात. जयवंतराव मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. वय त्र्याहत्तर. जुन्या विलायती गाड्यांना हात लावणारी माणसं मुंबईत आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यातलं पहिलं बोट हे. इंजिन जोडून झालं त्याच आठवड्यात नंदकुमारच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दुर्गी गॅरेजमध्येच राहिली.

चौथ्या रविवारी नंदकुमार काठी टेकत तिला भेटायला गेला. मी सोबत. जयवंतराव आमच्याकडे धड बघतही नव्हते. त्यांनी किक मारली, दुर्गी एका किकमध्ये सुरू झाली, आणि मागून असा धूर आला की पालिकेची डासांची गाडी गल्लीत शिरलीय असं वाटून समोरच्या चाळीतल्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. निळा, दाट, तेलाचा वास असलेला धूर. अर्ध्या मिनिटात जयवंतरावांनी इंजिन बंद केलं.

“नंदूभाऊ,” ते हात पुसत म्हणाले, “इंजिन मेलां. मीच मारलंय.”

“अरे वेडा झालास काय जयवंत? जुन्या गाड्या धूर मारतातच.”

“असो नाय मारणत. चार रयवार बघतंय, दर रयवारी वाढता. माझ्या हातांत आता राम रवलो नाय. येत्या रयवारी माझो शागीर्द राजेश येतलो, हत्यारां त्याका देतलंय. मग शटर खाली.”

मालनताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि चहा न देताच परत आत गेल्या.

२

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण माणूस कळतो. जो स्वतःला दोषी ठरवून मोकळा होतो तो पुरावा तपासत नाही, हे मी शेकडो फायलींत पाहिलंय. शिवाय पन्नास वर्षं एक काम केलेला माणूस आठवड्याभरात ते काम सोडणार होता, आणि नंतर मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसणार होता. हे मला पटेना. मी स्टूल ओढलं आणि बसले.

“जयवंतराव, मला अडाण्याला सांगतात तसं सांगा. धूर का येतो?”

त्यांनी सांगितलं, आणि मध्ये मध्ये नंदकुमारनं आपलं ज्ञान पाजळलं. सार असं: दुर्गीचं तेल इंजिनाच्या पोटात नसतं. ते सीटखाली एका वेगळ्या टाकीत असतं. इंजिन चालू असताना एक पंप टाकीतलं तेल इंजिनाला पाजतो, दुसरा पंप तेच तेल पोटातून उपसून परत टाकीत टाकतो. पोटाला हे लोक चेंबर म्हणतात. चेंबरात तेल साठून राहता कामा नये. राहिलं तर ते वर सिलिंडरमध्ये चढतं, जळतं, आणि धूर होतो.

“मग साठलंय का?”

“तसां एक होता,” जयवंतराव म्हणाले. “गाडी बरेच दिवस उभी रवली तर टाकीतलां तेल हळूहळू खाली उतरता. वाटेत पोलादी गोळी असता स्प्रिंगवर, ती तेल अडवता. गोळी नीट बसली नाय तर झिरपता. बुधवारी टाकी भरलेली, पुढच्या बुधवारी अर्धी. सगळां तेल पोटात.”

“मग तेच असेल की!”

“नाय वैनी. तेल खाली उतरलां तर टाकी रिकामी दिसाक व्हयी. चारय रयवार किक मारूच्या आदी मी स्वतः झाकण काढून बघलंय. टाकी भरलेली. रेघेक रेघ.”

टाकीच्या आत तेलाच्या पातळीची एक रेघ असते म्हणे. तेल रेघेला टेकलेलं, म्हणजे उतरलेलं नाही. उतरलेलं नाही, म्हणजे धुराचं कारण दुसरं. आणि दुसरं कारण एकच: पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह, म्हणजे जयवंतरावांनी आपल्या हातानं बसवलेली कामं. हिशेब चोख होता. यात कुठे बोट ठेवायला जागा दिसेना.

“तुम्ही घातलं होतं किती?”

“सीलबंद डब्यातलां दोन लिटर.” ते थबकले. “निदान माका तसां आठवता. पैल्या रयवारी बघलंय तर माका वाटलेला त्यापेक्षा वर दिसलां. मीच जास्त घातलंय असतलंय. हल्ली डोक्यात रवणा नाय वैनी.”

शेवटचं वाक्य त्यांनी आतल्या खोलीकडे बघत, आवाज खाली आणून म्हटलं.

३

संशयित तीन होते. त्यातला एक माझ्या पलंगावर झोपतो, पण म्हणून त्याला सोडायचं माझ्या तत्त्वात बसत नाही.

पहिला प्रीतम. गॅरेजला लागून त्याचं कुरिअरचं ऑफिस. जागा अपुरी पडते म्हणून जयवंतरावांच्या शटरवर त्याचा वर्षभर डोळा आहे. मी सोमवारी त्याच्याकडे एक पार्सल घेऊन गेले.

“आंटी, मी कशाला गाडीला हात लावू? उलट धुरानं माझ्या पोरांना खोकला झालाय,” तो म्हणाला. “जागा हवीय, ते ओपनली सांगतो. पण काकांचं वाईट व्हावं असं नाही हां.”

“गाडीत तेल कुठे घालतात माहितेय का रे तुला?”

आम्ही जयवंतरावांच्या शटरजवळच उभे होतो, आत दुर्गी दिसत होती. त्यानं बिनदिक्कत पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं. एवढं अज्ञान ढोंग करून आणता येत नाही.

जाता जाता त्यानं एक गोष्ट मात्र सांगितली. दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचं काम झालं, आणि जयवंतराव तिच्यात तेल घालायलाच विसरले. स्कूटर पंतनगरच्या सिग्नलला जाम झाली. तो माणूस परत आला आणि भर रस्त्यात, दहा माणसांसमोर, जयवंतरावांना नाही नाही ते बोलला. “काका एक शब्द बोलले नाहीत. इंजिन फुकट करून दिलं. पण तेव्हापासून गपच असतात,” प्रीतम म्हणाला.

दुसरा संशयित माझा नवरा. हा माणूस ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी फिजिओथेरपीला म्हणून रिक्षानं गेला होता आणि दीड तास उशिरा आला होता. मी रात्रीच्या जेवणाला त्याच्यासमोर कोशिंबीर ठेवली आणि विचारलं, “अहो, त्या दिवशी घाटकोपरला काय केलंत?”

त्याचा घास तिथेच थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“तुम्ही. आत्ता.”

“शुभा, अगं फक्त बसलो होतो तिच्यावर. देवाशप्पथ. जयवंत बाहेर गेला होता. मी बसलो, हँडल धरलं, थोडा वेळ... बोललो.”

“दुर्गीशी?”

“बाबांच्याबद्दल,” तो म्हणाला आणि कोशिंबीर खाऊ लागला. मी पुढे काही विचारलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर रागावायची अनेक कारणं गोळा केलीत, पण त्यात हे धरणार नाही.

तिसरा राजेश. ज्याला हत्यारं मिळणार होती तो. क्लेमच्या भाषेत, लाभार्थी. आणि लाभार्थ्याला मी नेहमी शेवटी भेटते.

४

राजेश सोळाव्या वर्षी जयवंतरावांकडे आला, बारा वर्षं शिकला, आणि आता अंधेरीला साकीनाक्याजवळ त्याचं स्वतःचं चकचकीत वर्कशॉप आहे. फरशी इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर काढाव्या का असा विचार केला.

“काकू, खरं सांगू? उस्तादची हत्यारं मला नकोत,” तो म्हणाला. “माझ्याकडे काय आहे बघा ना. सगळं लॅपटॉपवर. ते विलायती पाने माझ्या एकाही गाडीला बसणार नाहीत. पण उस्तादनी फोन केला, ‘घेऊन जा’ म्हणाले, आणि फोन ठेवला. नाही म्हणायला चान्सच दिला नाही.”

“मग रविवारी जाणार?”

“जाईन. आणि पेटी उचलताना रडेन. अजून काय करणार?”

हा मोठा, दाढीवाला, दोन पोरांचा बाप माणूस हे बोलताना खरोखर डोळे चोळत होता. माझा संशय तिथेच निम्मा गेला. पण निम्म्यावर मी फाइल बंद करत नाही.

“राजेश, टाकी भरलेली असेल तर तेल खाली उतरलेलं नसतं, बरोबर?”

“बरोबर.”

“जयवंतराव सांगतात की टाकी भरलेली होती. रेघेला रेघ.”

राजेश चहाचा कप तोंडाजवळ नेऊन थांबला. “रेघेला रेघ? उस्तादच्या गाडीत? शक्यच नाही.”

“का?”

“एकदा मी एका जुन्या गाडीची टाकी रेघेपर्यंत भरली. उस्तादनी अशी कानाखाली काढली ना! म्हणाले, अरे ही रेघ विलायतेतल्या थंडीची. मुंबईच्या उकाड्यात तेल फुगतं, वरच्या नळीतून ओकतं आणि गिऱ्हाइकाची पँट खराब करतं. आपण कायम दोन बोटं खाली ठेवायचं. पन्नास वर्षांत उस्तादनी कुठलीही टाकी रेघेपर्यंत भरलेली नाही, काकू. लिहून देतो.”

मी कप खाली ठेवला. दुर्गीत सीलबंद डब्यातलं दोन लिटर घातलं, म्हणजे दोन बोटं खाली. रविवारी बघितलं तर रेघेला रेघ. जयवंतरावांना ते वर दिसलं होतं, आणि त्यांनी त्याचं खापर स्वतःच्या आठवणीवर फोडलं होतं.

आम्ही सगळे धूर कुठून येतोय हे शोधत होतो. पण तेल कुठून येतंय हे कुणीच विचारलं नव्हतं.

“राजेश,” मी म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी जयवंतराव भजनाला जातात. तू तुझे पाने घेऊन ये.”

५

शनिवारी सहा वाजता जयवंतराव झांजांची पिशवी घेऊन मारुतीच्या देवळाकडे गेले. आम्ही अर्धं शटर वर करून आत शिरलो. नंदकुमार स्टुलावर पाय लांब करून बसला. राजेशनं पाण्याच्या रिकाम्या, एक लिटरच्या बाटल्या ओळीनं मांडल्या, कारण मी मापाशिवाय काहीही मान्य करत नाही हे त्याला मी बजावलं होतं.

आधी त्यानं टाकीचं झाकण काढून मला दाखवलं. तेल रेघेच्या बरंच खाली होतं. रविवारनंतर सहा दिवसांत ते खाली गेलं होतं, आणि जमिनीवर एक थेंब नव्हता.

“म्हणजे झिरपतंय!” नंदकुमार ओरडला. “चेंबरात गेलंय!”

राजेशनं टाकी रिकामी केली. दोन बाटल्या भरायला थोड्याच कमी. मग तो दुर्गीच्या पोटाखाली आडवा झाला, खालचा बोल्ट फिरवला आणि बाजूला झाला. पोटातून खरं तर एक थेंबही येऊ नये. आलं ते थांबेना. एक बाटली भरली. दुसरी अर्धी भरली.

जयवंतरावांनी घातलं होतं दोन लिटर. निघालं साडेतीन लिटरला जरा कमी. चार रविवारी जे धूर होऊन गेलं ते वेगळंच.

“च्यायला,” नंदकुमार म्हणाला. “चोरी कशी होते ते माहितेय. हे उलटंच काहीतरी झालंय.”

उलटंच झालं होतं. तेल आठवडाभर खाली उतरत होतं आणि कुणीतरी टाकी पुन्हा भरत होतं. रविवारी टाकी भरलेली दिसल्यामुळे जयवंतरावांनी खरं कारण पहिल्याच पावलाला बाद केलं. पोट मात्र दर आठवड्याला जास्त फुगत होतं.

“पण भरतंय कोण?” राजेश म्हणाला.

मी बोटांवर मोजत बोलू लागले. कामावर असताना अशी सवय होती. “एक, त्याला टाकी कुठे आहे हे माहीत आहे. म्हणजे प्रीतम नाही. दोन, त्याला दोन बोटांची पद्धत माहीत नाही. म्हणजे राजेश तू नाहीस, आणि अहो, तुम्हीही नाही.”

“मला ती माहितेयच,” नंदकुमार दुखावून म्हणाला.

“जयवंतरावही नाहीत. समजा ते विसरून पुन्हा पुन्हा तेल घालत असले, तरी त्यांचा हात पन्नास वर्षांच्या सवयीनं दोन बोटं खालीच थांबला असता. तीन, तेल एकाच जातीचं आहे, म्हणजे याच गॅरेजच्या डब्यातलं. चार, तोंडाशी एक ओघळ नाही, सगळं पुसून ठेवलंय. वाईट करायला आलेला माणूस तेल काढून घेतो किंवा माती टाकतो. तो निगुतीनं तेल घालून तोंड पुसत नाही. आणि पाच, हे रविवारच्या आधी होतं, जयवंतराव घरात नसताना.”

बोलता बोलता मला उत्तर दिसलं. राजेशलाही दिसलं असावं, कारण त्यानं मागच्या दाराकडे बघितलं.

त्याच वेळी ते दार उघडलं. मालनताई आत आल्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तेलाचा डबा, आणि डब्याच्या तोंडावर स्वयंपाकघरातलं नरसाळं उपडं घातलेलं.

६

मालनताईंनी बाटल्या बघितल्या, आम्हाला बघितलं, आणि डबा हळूच खाली ठेवला.

“त्यांका सांगू नकात, वैनी,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. स्कूटरवाल्यानं रस्त्यात तमाशा केला त्यानंतर जयवंतराव दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हापासून ते बाहेर गेले की मालनताई टॉर्च घेऊन गॅरेजमधल्या एकेका गाडीचं तेल बघायच्या. सगळं ठीक असायचं. पण दुर्गीचं इंजिन जोडून झाल्यावर पहिल्याच शनिवारी तिची टाकी बघितली तर तेल कितीतरी खाली. त्यांना वाटलं, हे पुन्हा विसरले, अर्धंच घातलं. उद्या नंदूभाऊंची गाडी जाम झाली तर हे जगायचे नाहीत. म्हणून रेघ दिसली तिथपर्यंत भरलं, कसलाही माग राहू नये म्हणून तोंड पुसलं. पुढच्या शनिवारी पुन्हा कमी, पुन्हा भरलं.

“गाडी तेल पिता असां वाटलां माका,” त्या म्हणाल्या. “पिणारी आसा तर पिऊंदे, पण ह्यांच्यावर आळ नको.”

मी त्यांना समजावलं की तेल पिण्यात जात नव्हतं, पोटात उतरत होतं, आणि त्यांच्या भरण्यामुळेच धूर वाढला. त्यांनी तोंडाला पदर लावला. “म्हणजे मीच...?”

आता माझी पंचाईत झाली. खरं सांगितलं तर जयवंतरावांचे हात निर्दोष सुटत होते, पण आपली बायको आपल्या माघारी आपली कामं तपासते हे त्यांना कळणार होतं. न सांगितलं तर उद्या हत्यारं जाणार. तीस वर्षांत मी एकाही खोट्या रिपोर्टवर सही केली नव्हती, आणि त्या संध्याकाळी करायची माझी पूर्ण तयारी झाली होती.

“मी घातलं म्हणून सांगतो,” राजेश म्हणाला. “चोरून येऊन घातलं. उस्ताद एक कानाखाली देतील, विषय संपला.”

“चाचणी म्हणून मी घातलं,” नंदकुमार म्हणाला. “गुडघ्याच्या माणसाला कोण मारतंय?”

“कोणी काय घातल्यान?”

जयवंतराव अर्ध्या शटरखालून वाकून आत येत होते. भजनात मन लागलं नसावं. त्यांनी सरळ उभं राहून बाटल्या बघितल्या, एकेक मोजली.

“ह्या दुर्गीचां?”

“हो, उस्ताद.”

“चेंबरातलां किती?”

“जवळजवळ दीड लिटर.”

ते खाली उकिडवे बसले. मला वाटतं त्यांना सगळं समजायला मला लागला त्याच्या दहावा हिस्साही वेळ लागला नाही. “उतरलेलां तर,” ते स्वतःशीच म्हणाले. “गोळी बसणा नाय. रिंगा नाय. व्हॉल्व्ह नाय.” मग त्यांची नजर डब्यावरच्या नरसाळ्यावर गेली.

“उस्ताद, ते मी...” राजेशनं सुरुवात केली.

“तू गप. तू रेघेपर्यंत भरूचंस नाय. तुका मी शिकवलंय.” ते मालनताईंकडे वळले. “किती शनवार?”

“आजचो धरून पाच झाले असते.”

“फक्त दुर्गी?”

“सगळ्या गाड्या बघतंय. स्कूटरपासून.”

जयवंतरावांचा चेहरा लाल झाला. “माझ्या माघारी? चोरासारखां? माका विचारूक काय झालां होतां?”

आणि मग मालनताई उठल्या. त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “विचारलंय असतंय तर जेवलात असतात? तो मेलो रस्त्यात बोललो तर दोन दिवस पाण्याक शिवलात नाय तुम्ही. मी काय करू? तुमच्यावांगडा उपाशी बसू आणि बघत रवू?”

जयवंतरावांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, “स्कूटरात मी खरांच विसरलेलंय. तो माणूस खोटा बोलणा नव्हतो. आणि परवा चष्मो फ्रीजमध्ये गावलो, ता तुका सांगूक नाय.” त्यांनी राजेशकडे, मग आमच्याकडे बघितलं, लपवायचं काही उरलं नसल्यासारखं. “हात गेलेले नाय, वैनी. डोक्यात मात्र भोकां पडाक लागलीत.”

मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही. नंदकुमार तर माझ्याआधीच नाक ओढत होता.

“राजेश,” जयवंतराव उठत म्हणाले, “बारको पानो दी.”

त्यांनी पंपावरचं झाकण खोललं, स्प्रिंग काढली, आणि मोहरीपेक्षा थोडी मोठी पोलादी गोळी तळहातावर घेतली. गोळी जिथे बसते त्या जागेत जुन्या तेलाचा चिकट, वाळका पापुद्रा अडकला होता. गाडी चालती राहिली असती तर तो कदाचित धुऊनही गेला असता. उभी राहिली म्हणून तिथेच बसला. “नंदूभाऊ, तुझ्या गुडघ्यासारखांच,” ते म्हणाले. “चालूक नाय की सूज.” त्यांनी जागा साफ केली, नवी गोळी ठेवली, वर पितळी सळी धरली आणि हातोडीचा एकच हलका ठोका दिला, गोळीची आणि तिच्या जागेची गाठ पडावी इतकाच. तो हात कापत नव्हता. मी मुद्दाम बघत होते.

टाकीत मोजून दोन लिटर तेल गेलं. रात्रभर दुर्गी तशीच उभी राहिली.

रविवारी सकाळी नऊला आम्ही पुन्हा हजर. प्रीतम मोजायची टेप घेऊन आला होता. शटर किती फुटांचं आहे ते बघायला, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. राजेश मोठी गाडी घेऊन आला होता, कारण हत्यारांच्या पेट्या जड असतात.

“त्या पेट्यांका हात लावलंस तर बघ,” जयवंतराव त्याला म्हणाले. “दर रयवारी येवन माझां काम तपासूचां. उघडउघड, माझ्यासमोर. जमात?”

“जमेल, उस्ताद. झकास जमेल.” प्रीतमनं टेप खिशात टाकली आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

जयवंतराव दुर्गीवर बसले, पाय किकवर ठेवला, आणि थांबले. या पिढीची माणसं चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. चौतीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘अगो’ आणि ‘ऐकतंस’ याच्या पलीकडे काही ऐकलं नव्हतं. गल्लीत दहा-बारा माणसं उभी होती, समोरच्या चाळीतल्या बायका खिडक्या लावायच्या तयारीत होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

“मालन! तेल बघ.”

मालनताई एक क्षण जागच्या हलल्याच नाहीत. मग पदर खोचून पुढे आल्या, टाकीचं झाकण काढलं, वाकून आत बघितलं. घाई केली नाही. झाकण परत लावलं, घट्ट फिरवलं.

“काल होतां तितक्याच आसा,” त्या म्हणाल्या. “मारा किक.”